हात न लावणाऱ्या सिस्टर

"सरड्याची भीती वाटते का?"

खोली बघायला गेले तेव्हा सिस्टरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, नोकरी कुठे, लग्न कधी करणार, यातलं काहीच नाही. मी अजून दारात उभी होते, चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"हो," मी म्हटलं. "खूप."

"खूप म्हणजे किती?"

भीती कशात मोजतात ते मला माहीत नव्हतं. मी सांगितलं की मी सावंतवाडीकडची. आमच्याकडे झाडावर घोयरा दिसला की मी आठवडाभर त्या वाटेने जात नसे. घोयरा म्हणजे तो हळूहळू चालणारा, डोळे गरागरा फिरवणारा, रंग बदलणारा सरडा. आमची काकू सांगायची, तो लांबूनच माणसाचं रक्त ओढतो, म्हणून त्याचा रंग बदलतो. मोठी झाल्यावर हे खोटं असल्याचं कळलं, पण कळलं म्हणून भीती जाते थोडीच. एवढं बोलून मी जिना उतरायच्या तयारीत होते, कारण असा प्रश्न विचारणाऱ्या बाईच्या घरात काय असणार याचा मला अंदाज यायला लागला होता.

"मग ये राहायला," सिस्टर म्हणाल्या. "कधी येतेस?"

पुढे कळलं, माझ्याआधी दोन मुली येऊन गेल्या होत्या. एकीने "अय्या, किती क्यूट!" म्हणून मोबाइल काढला होता. दुसरी प्राणीशास्त्र शिकलेली, तिने बिनधास्त पिंजऱ्यात हात घालायची तयारी दाखवली होती. सिस्टरांनी दोघींनाही दारातूनच वाटेला लावलं. घाबरणारी तेवढी मी निघाले आणि मला खोली मिळाली. मला वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण माझं ऑफिस अंधेरीला, बोरिवली त्या मानाने सोयीचं, आणि दुसरी खोली नजरेत नव्हती. मी गेले राहायला.

आमची बिल्डिंग बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीपासून दोन गल्ल्या अलीकडे. तिथल्या लोकांना बिबट्याचं काही वाटत नाही. कंपाउंडमध्ये बिबट्या फिरून गेला की सकाळी ग्रुपवर कॅमेऱ्याचा व्हिडिओ येतो, खाली दोघंतिघं "झकास" लिहितात आणि लोक कामाला लागतात. पण सिस्टरांच्या घरात सरडे आहेत म्हटल्यावर हीच वाघाच्या काळजाची माणसं त्यांच्या दारावरून जाताना जिन्याच्या कठड्याला घसटून जायची.

सिस्टर म्हणजे एका मोठ्या इस्पितळातल्या निवृत्त सिस्टर. सगळी नोकरी नवजात बाळांच्या वॉर्डात काढलेली. दिवस न भरता जन्मलेली, तळहातावर मावतील अशी बाळं काचेच्या पेटीत ठेवायची, त्यांना ऊब द्यायची, श्वास अडकला की पाठ चोळून चालू करायचा, हे त्यांचं काम. मूळच्या अकोल्याकडच्या. लग्न केलेलं नव्हतं. हॉलमध्ये बुद्धाची एक शांत मूर्ती, तिच्यापुढे रोज ताजं फूल. फोन उचलला की आधी "जयभीम", मग "लवकर बोल, दार उघडं आहे." दार म्हणजे थंड खोलीचं दार.

ती थंड खोली म्हणजे त्या घराचं देवघर म्हणा, अतिदक्षता विभाग म्हणा. पार्कच्या बाजूची सगळ्यात चांगली खोली. तिच्यात जाळीचे उंच पिंजरे, पिंजऱ्यांत जास्वंदीच्या आणि मनीप्लांटच्या कुंड्या, आडव्या-तिडव्या फांद्या, आणि त्या फांद्यांवर आफ्रिकेतल्या उंच डोंगरांवरचे सरडे. नराच्या तोंडावर पुढे आलेली तीन शिंगं. त्याला त्या 'साहेब' म्हणायच्या, कारण तपासणीला येणाऱ्या साहेबांसारखा तो एक डोळा इकडे आणि एक तिकडे ठेवायचा. मादीचं नाव 'पेशंट'. वॉर्डात बाळाला स्वतःचं नाव नसतं, त्याच्या पायाला 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव अशी चिठ्ठी असते. त्यामुळे पेशंटला पिल्लं झाली तर त्यांची नावं ठरलेलीच होती.

ही जोडी त्यांना वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरांनी दिली होती. डॉक्टरांना छंद होता, सरकारदरबारी रीतसर नोंद केलेली होती. ते परदेशी निघाले, तेव्हा हे सांभाळणार कोण? सिस्टर नुकत्याच निवृत्त झालेल्या, दिवस खायला उठलेला. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, काही अवघड नाही. आपल्या वॉर्डातली बाळं आहेत असं समजा." हे वाक्य लक्षात ठेवा. त्या चांगल्या माणसाने चांगल्या मनाने म्हटलेल्या या एका वाक्याने पुढे काय केलं ते सांगायचंच आहे.

डोंगरावरच्या या जातीला दिवसा बेताचं ऊन चालतं, पण रात्री थंडी लागते. "त्यांच्या गावाला रात्री थंडी पडते," सिस्टर म्हणायच्या, "इथे ती आपण पाडायची." म्हणून रात्रभर त्या खोलीत एसी. सरड्यांना एसी आणि आम्हाला पंखा. मी एकदा कुरकुरले, तर म्हणाल्या, "तुला घाम येतो. त्यांना येत नाही. घाम न येणाऱ्याला आधी गार करायचं." फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या कोंबलेल्या, लाइट गेली तर असाव्यात म्हणून. त्या घरात राहिले तोवर मी कुल्फी आणून ठेवू शकले नाही.

वाटीतलं पाणी हे सरडे पीत नाहीत, पानावरचा थेंब पितात. म्हणून सिस्टर सकाळ-संध्याकाळ फवारा घेऊन पानं भिजवायच्या. खाणं म्हणजे रातकिडे आणि झुरळं, तीही घरी पैदास केलेली, डब्यात गाजर-पालक खाऊन गुबगुबीत झालेली. पिल्लं झालीच तर त्यांना चिलटं लागतील म्हणून बरणीत केळी सडत ठेवलेली. माझ्या आईने फोनवर विचारलं, "घर स्वच्छ आहे ना गं?" मी म्हटलं, "खूप." झुरळांचा डबासुद्धा त्या रोज पुसायच्या, हे खरंच होतं.

नियम बरेच होते. उदबत्ती नाही, मच्छर अगरबत्ती नाही, अत्तर नाही, फिनेल नाही. लाल कपडे घालून थंड खोलीवरून जायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, टक लावून बघायचं नाही. "समोरून बघितलं की त्याला वाटतं आपण खाणार. तिरकं बघायचं, जसं काही आपलं लक्षच नाही." ही सवय त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की त्या माणसांकडेही तिरक्याच बघायच्या. भाजीवाल्याशी बोलताना नजर त्याच्या खांद्यापलीकडे. बिल्डिंगमधल्या बायकांना वाटायचं, बाईंना गर्व आहे. गर्व कसला, समोरचा घाबरू नये एवढंच त्यांच्या मनात असायचं.

आणि हात लावायचा नाही. हे त्या दिवसातून इतक्यांदा म्हणायच्या की मला झोपेतही ऐकू यायचं. "हात म्हणजे ताप. आपल्या हाताला वाटतं आपण माया करतो. त्यांना चटका बसतो." त्या स्वतः सगळं लांब चिमट्याने करायच्या.

एकदा मी भीतभीत विचारलं, "सिस्टर, तुम्हाला यांची भीती नाही वाटत?"

"यांची नाही. यांच्यासाठी वाटते. आणि ती वाटलीच पाहिजे. घाबरणं हीच ड्युटी आहे. वॉर्डात जी सिस्टर घाबरायची थांबली, तिच्या पाळीत काहीतरी व्हायचंच."

ड्युटी त्या चोख करायच्या. उन्हाला घाबरायच्या, लाइटला घाबरायच्या, दिवाळीच्या धुराला, शेजारच्या रंगकामाला, ड्रिल मशीनला, दारावरच्या बेलला. बेलची तर वायरच काढून टाकली होती. साहेब जरा काळपट दिसला की त्या जेवायच्या थांबायच्या. त्यांच्याबरोबर राहून ती भीती मलाही चिकटली. ऑफिसात बसल्या बसल्या ट्यूबलाइट लुकलुकली की मनात यायचं, बोरिवलीला लाइट असेल ना? गंमत अशी की मी त्या प्राण्यांना अजूनही तितकीच घाबरत होते. थंड खोलीचं दार किलकिलं असलं तरी मी श्वास धरून पुढे जायचे. त्यांच्यावर संकट येईल ही भीती, आणि ते माझ्यावर येतील ही भीती, अशा दोन भीती घेऊन मी त्या घरात वावरत होते.

दुसरी भीती एकदा खरी झाली. सिस्टर बाजारात गेल्या होत्या. मी माझ्या खोलीत केस विंचरत होते आणि आरशात दिसलं की पडद्याच्या दांडीवर काहीतरी हललं. साहेब. पिंजऱ्याची कडी नीट लागली नसणार. तो झुलत झुलत एक पाऊल पुढे, अर्धं पाऊल मागे असा दांडीवरून खुंटीवर आला, खुंटीवर माझी ओढणी होती, आणि ओढणीचं दुसरं टोक माझ्या खांद्यावर होतं. मी ओरडायला तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. तो ओढणीवर चढला. त्याची पकड कापडातून मला जाणवत होती, बाळाने बोट धरावं तशी. तिथेच थांबला. काळा पडला. एक डोळा माझ्यावर, एक खिडकीवर. मला काकू आठवली, रक्त आठवलं. माझे पाय गेले होते, पण पडले तर तो माझ्यावर पडेल म्हणून मी पडलेही नाही.

सिस्टर आल्या तेव्हा मी तशीच उभी होते. त्यांनी पिशवी हळूच खाली ठेवली, एक फांदी आणून त्याच्यापुढे धरली. तो सावकाश फांदीवर गेला. हळूहळू त्याचा हिरवा रंग परत आला. माझा काही आला नाही.

"ओरडली नाहीस," सिस्टर म्हणाल्या.

"आवाजच फुटला नाही."

"हात झटकला नाहीस."

"हात हलतच नव्हता, सिस्टर!"

"तेच पाहिजे," म्हणाल्या, आणि मला साखर-मिठाचं पाणी करून दिलं. मला राग आला होता. मी मरायला टेकले होते आणि या बाई मला शाबासकी देत होत्या.

दुसरं संकट सोसायटीचं. वर्षातून एकदा पेस्ट कंट्रोलवाला येऊन जिन्यात आणि ड्रेनेजमध्ये औषध मारून जायचा. त्या दिवशी सिस्टर पहाटेपासून चादरी भिजवून दाराच्या फटीत कोंबायच्या आणि स्वतः बाहेर पायरीवर ठाण मांडून बसायच्या. पंपवाला त्यांच्या मजल्यावर आला की, "इथे नाही." एकदा सेक्रेटरी वर आले. पोट सुटलेले, तोंडाने फटकळ, पण सरड्यांच्या बाबतीत माझ्याइतकेच भित्रे.

"सिस्टर, ऐका ना. सगळ्या बिल्डिंगची कंप्लेंट आहे, झुरळं तुमच्याकडून येतात."

"माझी झुरळं डब्यात आहेत. तुमची गटारातली आहेत. ओळख पटवून द्या, मी परत घेते."

"अहो, ते गिरगिट घरात ठेवणं अपशकुनी असतं. माझी मिसेस म्हणते."

"मिसेसना सांगा, मी वॉर्डात इतकी मरणं बघितली, एकाही पेटीवर सरडा बसलेला नव्हता."

सेक्रेटरींनी तिरक्या नजरेने, म्हणजे खऱ्याखुऱ्या भीतीने, दाराच्या फटीतून आत पाहिलं आणि पंपवाल्याला म्हणाले, "चल रे, हा मजला सोड. वाट लागायची उगाच."

याच सेक्रेटरींच्या सुनेला मुलगा झाला. बारशाला सगळी बिल्डिंग गेली, सिस्टरही गेल्या. बाळाची आजी मोठ्या मानाने म्हणाली, "सिस्टर, तुम्ही घ्या आधी, तुमचा हात लागू दे." सिस्टरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको," म्हणाल्या. बाळ पुढे केलेलं, सगळे बघताहेत, आणि ह्या हात मागे बांधून उभ्या. शेवटी दारातूनच आशीर्वाद देऊन निघून आल्या. बायका म्हणाल्या, सरड्यांना जपते आणि माणसाचं पोर हातात घेत नाही. मलाही ते बरं वाटलं नव्हतं. घरी आल्यावर मी तसं बोलले.

सिस्टर पालक निवडत होत्या. खाली मान घालूनच त्यांनी सांगितलं.

पेशंटला पहिल्यांदा पिल्लं झाली, तेव्हा मी या घरात नव्हते. ही जात अंडी घालत नाही, पिल्लंच देते. फांदीवर बसल्या बसल्या मादी एकेक पिल्लू खाली सोडते, पातळ, ओलसर पिशवीत गुंडाळलेलं. ते पानावर नाहीतर मातीवर पडतं, चिकटतं आणि निपचित राहतं. मग थोड्या वेळाने आपणच पिशवी फाडून चालायला लागतं. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं. पण सिस्टरांच्या समोर पडलेली बाळं हलत नव्हती. रडत नव्हती. बोटाने बघितलं, तर गार.

"गार," त्या म्हणाल्या. "तुला नाही कळणार. गार बाळ म्हटलं की माझा हात मला विचारत नाही. मी सगळी उचलली. पुसली. पाठी चोळल्या. कापसात गुंडाळली आणि बल्बखाली ठेवली. वॉर्डातली बाळं समजा म्हणाले होते ना. दुपारपर्यंत एक राहिलं नाही. मी गरम करून मारली."

पालकाच्या काड्या त्यांनी नीट एकावर एक रचल्या. "याच हातांनी. तेव्हापासून कुणाचंच मूल घ्यायला होत नाही."

मी काहीतरी समजुतीचं बोलले असेन. आठवत नाही. एवढं आठवतं की त्या दिवसापासून मी त्यांच्या हातांकडे बघायला लागले. सुरकुतलेले, नखं कापलेली, स्वच्छ हात. फवारा, चिमटा, पातेलं, फडकं, सगळं धरायचे, पण सजीव काही नाही. त्या शेजारच्या मांजरालाही पायाने सरकवायच्या.

मग तो मे महिना आला. पेशंट पुन्हा गाभण होती आणि दिवस भरत आले होते. तिने खाणं सोडलं, फांद्या सोडून खाली उतरून येरझाऱ्या घालायला लागली. सिस्टरांची झोप उडाली. रविवारी सकाळी आम्ही चहा घेत होतो आणि खाली रस्त्यावर, जिथे महिनाभर खोदकाम चाललं होतं, तिथे मोठा आवाज झाला. पंखा फिरत फिरत थांबला.

सिस्टर उठल्या. घाबरल्या की त्यांची वऱ्हाडी बोली बाहेर यायची. "माय वं! लाइन गेली ना वं!"

इन्व्हर्टरवर पंखा चालायचा, एसी नाही. गरम हवा फिरवून काय करणार? आम्ही ओल्या चादरी खिडक्यांना लावल्या, फ्रीजमधल्या बाटल्या पिंजऱ्यांच्या डोक्यावर आडव्या ठेवल्या. थोडा वेळ बरं होतं. मग बाटल्यांतला बर्फ तुकड्या-तुकड्याने सुटू लागला, चादरी वाळू लागल्या. साहेब फिक्का पडला. पेशंटने तोंड उघडलं. हे सरडे तोंड उघडं टाकून बसले की समजायचं, उष्णता अंगात शिरली. मी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघितलं आणि नको बघायला म्हणून मान फिरवली.

सेक्रेटरी दार ठोठावून सांगायला आले, "केबल तुटलीय, संध्याकाळ होईल म्हणतात."

"बर्फ," सिस्टर म्हणाल्या. "कुठूनही आणा. बर्फ."

ते दार उघडंच टाकून, चपला न घालता खाली धावले. आणि तेवढ्यात पेशंट फांदीवर चढली, शेपटी उचलली. आता होणार हे मलाही कळलं.

मला वाटलं सिस्टर आत जातील. त्या उंबऱ्यातच खाली बसल्या. दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसल्या.

"तू जा आत."

"मी?"

"बाळ पडलं आणि हाललं नाही, की माझा हात जाईल. मला माझा हात माहीत आहे. मी आत नको."

"सिस्टर, मला भीती वाटते हो."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "तुझा हात नाही जायचा. तुला त्यासाठीच घरात घेतलं."

'किती क्यूट' म्हणणारी मुलगी, हात घालायला निघालेली दुसरी, साहेब अंगावर चढला तेव्हा पुतळ्यासारखी उभी राहिलेली मी, सगळं एकदम डोक्यात आलं. त्या बाईने माझी भीती पारखून घेतली होती. मी आत गेले. पिंजऱ्याचं दार उघडं होतं, पेशंट माझ्या तोंडाच्या उंचीवर, तोंड वासून. मला काकूची गोष्ट आठवली.

पहिलं पिल्लू पडलं. मनीप्लांटच्या पानावर, टप् करून. चिंचोक्याएवढी ओली गाठ.

"हालून राहिलं का वं?" उंबऱ्यातून आवाज.

"नाही."

"हात नको लावू."

दुसरं पडलं, तिसरं मातीत. मग आणखी. सगळी निपचित. खोली तापत होती, माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. मेलेली पिल्लं अशीच दिसत असणार, दुसरी कशी दिसणार? पुन्हा तेच झालं, आणि मी या बाईला काय सांगू?

"हालून राहिलं का?"

"नाही, सिस्टर."

त्या रडत होत्या. "गार असतील," म्हणाल्या. "गार आहेत ना वं? एकदा बोट लावून…" आणि मग स्वतःच ओरडल्या, "नको! नको लावू! माझं ऐकू नको!"

मी त्यांचं ऐकलं नाही. म्हणजे ऐकायची ताकदच नव्हती. माझे हात छातीशी आवळलेले होते.

दार वाजलं. सेक्रेटरी. त्यांनी लांबूनच हात ताणून मोठी पिशवी पुढे केली. "गेटवरच्या मासेवालीकडून आणलाय. बांगड्याचा वास येईल हं." सिस्टर हातांवरून उठेनात, म्हणून सेक्रेटरींनी श्वास रोखून, डोळे जवळजवळ मिटून, स्वतः आत येऊन बर्फ पिंजऱ्यांच्या डोक्यावर रचला. "कुठं बघू नका," मी म्हटलं. "बघतोय कोण?" ते म्हणाले. बांगड्याचा वास घेऊन गार पाणी जाळीवरून ठिबकू लागलं. पेशंटने हळूहळू तोंड मिटलं.

आणि पानावरची पहिली गाठ उकलली. आधी एक पाय, मग शेपटीची गुंडाळी, मग तीळभर डोळा फिरला. पिल्लाने पिशवी झटकली आणि डुलत डुलत चालायला लागलं, जणू काही झालंच नाही.

"हाललं," मी म्हटलं. "सिस्टर, हाललं! अजून एक. तेही!"

काही हललीच नाहीत, ती तशीच राहिली. एकाची पिशवी मात्र सुकत चालली होती आणि आतून ते धडपडत होतं. "ओला ब्रश पाहिजे," सिस्टर म्हणाल्या, "बारीक." सेक्रेटरींनी माझ्या टेबलावरून आयलायनरचा ब्रश आणून दिला. तो पाण्यात बुडवून मी पिशवीवरून फिरवला. ती फाटली. पिल्लू बाहेर आलं आणि ब्रशलाच चिकटलं. मी किंचाळणार होते, पण नाही किंचाळले.

लाइट दुपारी उशिरा आली. एसी घरघरला. मी सिस्टरांना उठवायला गेले, तर त्यांना उठता येईना. हात इतका वेळ अंगाखाली दबले होते की मुंग्या येऊन बधिर झाले होते. त्यांनी ते समोर धरून बघितले. "नाही गेले," म्हणाल्या. एवढंच.

त्यानंतर दोन वर्षांनी मी लग्न करून अंधेरीला गेले. सिस्टरांनी दुसरी मुलगी ठेवली. ती पालीलाही घाबरते म्हणून मोठ्या खुशीत सांगायच्या. माझा मुलगा जरा लवकर आला, काही दिवस काचेच्या पेटीत होता. त्या दिवसांत मी जितकी घाबरले तितकी साहेब अंगावर चढला तेव्हाही घाबरले नव्हते. घरी आणल्यावरही मला त्याला धरायची भीती वाटायची. त्याचे हात गार वाटले की मी त्याला आणखी एका दुपट्यात गुंडाळायचे. मी सिस्टरांना फोन केला.

त्या आल्या. ऑक्टोबरच्या उन्हात, घर सोडून, कधी नव्हे त्या. "सरडे?" मी विचारलं.

"सेक्रेटरींना बसवून आले. अजून घाबरतात ते. चालेल."

बेडरूमच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. हात पाठीमागे. माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत म्हणाल्या, "छान आहे. तूच धर. मी बघते इथून."

मी बाळ पुढे केलं. "सिस्टर, हा डोंगरावरचा नाही. याला गरमच हात लागतो."

"अगं, नको." त्यांचा आवाज त्या रविवारसारखा झाला. "मला भीती वाटते."

"म्हणूनच," मी म्हटलं.

त्यांनी बाळाकडे तिरकं पाहिलं. मग हात पुढे आले. त्यांनी ते एकमेकांवर घासले, पुष्कळ वेळ, गालाला लावून बघितले, पुन्हा घासले. आणि बाळ घेतलं. एक हात मानेखाली, एक पाठीखाली, एका हालचालीत, जसं काही मधली वर्षं गेलीच नव्हती. त्याच्याकडे त्या तिरक्या बघत नव्हत्या. सरळ, टक लावून बघत होत्या.

"पंखा बंद कर," म्हणाल्या. "गार लागून राहिलं ना वं त्याला."